बेडकांच्या नावाची घागर

तोंडाला काळं फासलं की माणसाची अब्रू जाते म्हणतात. माझी सगळी अब्रू त्या काळ्यावरच उभी राहिली. मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, फिरायचा. पितळेचा पोकळ दंडगोल, उंचीला वीतभर, बुडाखाली किल्लीचं यंत्र. किल्ली दिली की मी गोगलगाईच्या चालीने स्वतःभोवती फिरू लागतो. पुस्तकात माझं नाव कायमोग्राफ असं भारदस्त छापलेलं आहे, पण नंदुरबारच्या कॉलेजात कुणाची जीभ त्या नावाकडे वळली नाही. तिथे मी ड्रम तो ड्रमच राहिलो.

माझं काम सांगतो. माझ्या अंगाभोवती गुळगुळीत पांढरा कागद घट्ट गुंडाळतात. मग रुंद वातीच्या रॉकेलच्या दिव्यावर मला फिरवतात, म्हणजे कागदावर सगळीकडून मऊ काजळी बसते. शेजारच्या काचेच्या नळीत खारं पाणी असतं आणि त्यात स्नायूचा एक चिमुकला तुकडा टांगलेला असतो. तुकड्याला दोरा, दोऱ्याला काडी, काडीच्या टोकाला सुई, आणि ती सुई माझ्या गालाला टेकलेली. स्नायू आवळला की सुई वर चढते, सैल पडला की खाली उतरते. जिथून ती जाते तिथली काजळी निघते आणि पांढरी रेघ उमटते. काम संपलं की कागद सोडवून लाखेच्या रोगणातून काढतात. मग ती रेघ पुसत नाही.

या सगळ्यात माझं मत कुणी विचारत नाही आणि मीही ते देत नाही. सुई जे ओढेल ते धरायचं. कुणाला त्याचा आनंद होतो, कुणाचं तोंड उतरतं. मी आपला फिरत राहतो.

माझा जन्म अंबाल्याचा, साल एक्कावन्न. तिथल्या एका कारखान्यात मला लेथवर चढवलं, घासलं, पुसलं आणि गवताच्या खोक्यात निजवून पुण्याला धाडलं. तिथल्या मोठ्या कॉलेजात मी काही वर्षं काढली. मुलं माझ्याभोवती गर्दी करत आणि सर म्हणत, "हात लावू नका, विलायती यंत्रासारखं नाजूक आहे." अंबाल्याच्या मालाला याहून मोठी शाबासकी नाही. पण नवी चकचकीत यंत्रं आली आणि मी एका कपाटाच्या तळाशी गेलो. पुढे नंदुरबारला नवं कॉलेज निघालं, त्यांना काहीही चालण्यासारखं होतं, तेव्हा माझी आठवण झाली. बासष्ट साली मी तापी लाइनच्या गाडीने नंदुरबारला उतरलो. हमालाने मला स्टेशनावर आपटलं. त्या आपटण्याचा पोचा अजून माझ्या बुडाला आहे.

तिथे मला शांतीलाल सर भेटले. ते ब्राह्मणपुरीचे, तापीकाठच्या गुजर घरातले. घरी केळी, ऊस, कपाशी, गोठ्यात दुधाची जनावरं, आणि मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारी माणसं. अशा घरातला मुलगा प्राणिशास्त्र शिकून बेडूक फाडायला बसला, याचं गावाला नवल वाटे. सरांना पदव्युत्तर पदवीसाठी एक प्रबंध लिहायचा होता. विषय असा, की बेडकाच्या जठराचा स्नायू कशाने आवळतो आणि कशाने सैल पडतो.

त्यांचा जोडीदार म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई वाहरू. तो खांडबाऱ्याचा. सुट्टीला घरी गेला की येताना मडक्यात ओलं गवत घालून बेडूक घेऊन येई. गाडीत त्याच्या शेजारी कुणी बसत नसे, त्यामुळे त्याचा प्रवास ऐसपैस होई. तिसरे चुनीलालभाई, शेजारच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत शिकवणारे. त्यांच्या तोंडात कायम पान आणि अंगावर कुठे ना कुठे चुन्याचा डाग असे. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे सोपा उपाय असे आणि तो न विचारता मिळे.

पहिल्याच हिवाळ्यात सरांच्या आई, तापीबाई, कापड घ्यायला नंदुरबारला आल्या आणि लेकाचं काम बघायला म्हणून कॉलेजात शिरल्या. वाहरू तेव्हा मला दिव्यावर फिरवत होता.

"काजय पाडी ऱ्हायनात का रे?" त्यांनी विचारलं.

"हाव, माय. ड्रमले लावानं शे."

"माय वं! इतलं काजय कोना डोयाले?"

वाहरू हसला. तापीबाई हसल्या नाहीत, कारण तोवर त्यांचं लक्ष टेबलावरच्या बेडकाकडे गेलं होतं. मेंदूत सुई घालून सरांनी तो आधीच मारला होता. त्याच्या जठराची कातरलेली पट्टी नळीत टांगली होती, आणि धन्याचा पत्ता नसताना ती पट्टी आपली हळूहळू आवळत होती, सैल होत होती. तापीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हाऊ बेडूक काय कामे मारा?"

"पोट कसं आवळस ते देखाले, माय," सर म्हणाले. "मानूसनं पोटबी असंच आवळस. पोटमा मुरडा उना तं कोनतं औसध कसं लागू पडी, ते ह्या रेघवरथीन समजस."

"आनि रेघ उनीच नही तं?"

सरांनी काडीच्या दोऱ्याची गाठ उगाच घट्ट केली.

"तं मंग तो फुकट मरना," तापीबाई म्हणाल्या. "ध्यानमा ठेव शांती, जो जीव कामे उना तो उना. फुकट जीव मारनारा हात मन्हा चुल्हापाशी नको. त्यानापेक्षा केयीले पानी भर."

"ज्या दिन रेघ बंद व्हई, त्या दिन मी कातर ठेई दिसू, माय. शब्द देस."

तापीबाईंनी मान हलवली आणि त्या कापडाच्या दुकानाकडे गेल्या. अशा घरात शब्द देणं म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळलं.

त्या हिवाळ्यात मात्र रेघांचं पीक आलं. मुलांना जवळ बोलावून सर समजावून सांगत, आणि ते मला इतक्यांदा ऐकायला मिळालं की पाठ झालं. हातापायाचे स्नायू हुकमाचे ताबेदार असतात, मेंदूने सांगितलं की हलतात. पोटाचा स्नायू वेगळा. त्याच्यावर पट्टे नसतात आणि त्याला हुकूमही लागत नाही. तो आपल्या लयीत चालतो. फक्त त्याला दोन कासरे बांधलेले असतात. एका मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन पाझरतं, त्याने तो आवळतो. अॅड्रेनलीनने तो सैल पडतो. एवढं सांगून सर नळीत एकाचा थेंब टाकत. स्नायू हातापायासारखा झटका देत नाही. तो जरा विचार करतो आणि मग झोपेतून उठलेल्या माणसाने आळस द्यावा तसा सावकाश वर जातो. माझ्यावर टेकडी उमटे. मग स्वच्छ पाण्याने धुऊन दुसऱ्याचा थेंब टाकला की लय मंदावे, रेघ खाली बसे.

"पण सर, ही दोन्ही नसलीच, तर?" एका मुलीने एकदा विचारलं.

"कासरे नसले तरी बैल चालतो," सर म्हणाले. "पण एक गोष्ट नसली तर काही काही चालत नाही. ती म्हणजे कॅल्शियम, आपल्या भाषेत चुन्याचा अंश. आवळण्याची कळच ती आहे. चुनीलालभाईंना विचारा. पानात कात आहे, सुपारी आहे, आणि चुनाच नाही, तर तोंड रंगेल का?"

दारात उभ्या असलेल्या चुनीलालभाईंनी लाल जीभ काढून दाखवली आणि वर्ग हसला. म्हणून त्या खाऱ्या पाण्यात, ज्याला सगळे बेडकाचं पाणी म्हणत, मीठ आणि सोड्याबरोबर चिमूटभर कॅल्शियमचं मीठही घातलं जाई. रोगण चढवलेल्या माझ्या रेघा भिंतीवर लागल्या. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आधी त्या भिंतीपाशी आणत. तेव्हा मला बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

मग उन्हाळा आला. नंदुरबारचा उन्हाळा ज्याने बघितला नाही त्याला तो सांगून उपयोग नाही. दुपारी माझ्या पितळेला हात लावला तर चटका बसे. बाटलीतलं बेडकाचं पाणी आंघोळीच्या पाण्याइतकं तापे, आणि बेडकाच्या स्नायूला गार पाणी लागतं. सर सुट्टीतही काम करत होते, कारण पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याहून त्यांचे मार्गदर्शक काम डोळ्यांनी बघायला येणार होते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सर घरी गेले. खानदेशात हा सण किती मोठा, ते तुम्हाला सांगायला नको. घरोघर नवी घागर पाण्याने भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात, आणि घरातून गेलेल्या माणसांना ते गार पाणी पोचतं असं मानतात. ब्राह्मणपुरीहून परतलेल्या सरांच्या कडेवर अशीच एक नवी कोरी घागर होती. ती वाहरूच्या हाती देताना ते काय बोलले, ते मी शेजारीच असल्यामुळे ऐकलं. यंदा तापीबाईंनी सासऱ्यांची घागर भरली, सासूची भरली, आणि शेजारी आणखी एक मांडली. ही कुणाची, असं भावकीने विचारलं. "शांतीना बेडकायनी," त्या म्हणाल्या, "बठ्ठास्नी घागर कोनी ना कोनी भरस, ह्यास्नी कोन भरी?" गल्ली हसली. त्यांनी हसू दिलं आणि सण उरकल्यावर ती घागर लेकाच्या हाती दिली. बेडकांचं पाणी यात ठेव, म्हणाल्या. मारतोस तर मारतोस, निदान पाणी तरी गार दे.

वाहरूला ही गोष्ट फार आवडली. त्याने खिडकीत वाळूचा ढीग करून त्यावर घागर बसवली. सरांनी घागरभर बेडकाचं पाणी एकदमच तयार करून तिच्यात ओतलं. वारा लागला की घागर पाझरे आणि पाणी असं गार होई की नळीला हात लावला की बोटांना गारवा लागे. असा थाट पुण्याच्या मोठ्या कॉलेजातही नव्हता.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग टेकड्या बुटक्या होऊ लागल्या. मग नुसत्या उंचवट्यासारख्या दिसू लागल्या, आणि ज्येष्ठाच्या सुमाराला सुई माझ्यावर सरळ रेघ ओढू लागली. सर थेंब टाकत, थांबत, पुन्हा टाकत. सुई ढिम्म हलेना. मी फिरे आणि माझ्यावर क्षितिजासारखी आडवी रेघ उमटे.

सरांनी आधी बेडकांवर संशय घेतला.

"बेडूक त चांगला जिता शे, सर," वाहरू दुखावून म्हणाला. "खांडबारानी इहीरमाईन मी सोता आना. मन्हा हातमाईन उडी मारी ऱ्हायंता."

मग त्यांनी औषधावर संशय घेतला आणि नवं मागवलं. मग सुईवर, काडीवर, दोऱ्यावर, आणि शेवटी माझ्यावर. माझं यंत्र खोललं, तेल दिलं. मी पूर्वीसारखाच फिरलो आणि पूर्वीसारखीच सपाट रेघ दाखवली. पाण्यावर कुणाचाच संशय गेला नाही. पाणी तर पुस्तकात दिल्याप्रमाणे मापून केलेलं होतं, आणि ते आईच्या घागरीत होतं.

बेडकागणिक सरांचा चेहरा उतरत गेला. पुण्याच्या साहेबांची भीती त्यांना होतीच. पण साहेब काय, रागावले असते, पुढच्या वर्षी या म्हणाले असते. खरं ओझं दुसरंच होतं. रेघ बंद झाली होती, शब्द दिलेला होता, आणि तरी ते आज येईल, उद्या येईल म्हणून आणखी एक बेडूक हाती घेत होते. त्यांनी शनिवारचं ब्राह्मणपुरीला जाणं बंद केलं. आईला काय तोंड दाखवायचं, असं ते एकदा माझ्यासमोर मोठ्याने म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे ते मलाच म्हणाले असं मी धरतो.

चुनीलालभाईंकडे याही रोगावर औषध होतंच.

"शांतीलाल भो, इतला जीव कसाले जाळस?" पान एका गालातून दुसऱ्या गालात सारत ते म्हणाले. "काडीले जरासं बोट लाव. सुई वर गई का रेघ उनी. पुन्याना साहेब काय बेडूकले इचारी का, हाई रेघ तुन्हीच शे का म्हनीसन?"

सरांनी त्यांना हाताने जा म्हटलं. ते गेले. सर खुर्चीवर बसले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं. मग ते उठले, त्यांनी मला किल्ली दिली, आणि उजव्या हाताचं बोट काडीखाली धरून हळूच वर उचललं.

मित्रांनो, मला हाड नाही की मांस नाही, पण बोट आणि स्नायू यांतला फरक मला आंधळ्यालाही सांगता यावा इतका कळतो. स्नायूची टेकडी सावकाश चढते, माथ्यावर जरा रेंगाळते, उतरताना दमते. बोटाची टेकडी घाबरलेली असते. तिचा चढ कापतो. पण धरणं हा माझा धर्म, म्हणून मी ती धरली. सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि ती टेकडी काजळीसकट पुसून काढली. बाही काळी झाली. त्यांनी मला थांबवलं आणि कपाळाला हात लावून बसले, तर कपाळही काळं झालं. मी कुणाची बाजू घेत नाही असं वर म्हणालो आहे. त्या दुपारी मात्र मी त्यांच्या बाजूचा झालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाहरूला सांगितलं, "आज शेवटला बेडूक. रेघ नही उनी तं हाई कातर कपाटमा ठेव आनि मी चालनू गावले."

शेवटच्या बेडकाची पट्टी नळीत टांगली. सपाट रेघ आली. सरांनी थेंब टाकला. सपाट. वाहरूने न सांगताच कात्री धुवायला घेतली. तेवढ्यात चुनीलालभाई वारा खायला खिडकीत घागरीशेजारी येऊन टेकले, आणि निघाले तेव्हा त्यांच्या काळ्या पँटीवर पांढरा पट्टा उठला होता.

"आते हाऊ चुना कोठेन लागना?" त्यांनी खिशातली डबी चाचपली. डबी बंद होती.

वाहरूने घागरीकडे बोट केलं. तिच्या बाहेरच्या अंगावर, वाळूच्या लगत, पांढरा खार फुलला होता. रोज तिच्यातून पाणी घेणाऱ्यांना तो दिसत नव्हता, कारण तो खिडकीच्या बाजूला होता.

"खारं पानी शे, मीठ फुटनं," वाहरू म्हणाला.

चुनीलालभाई काही झालं तरी रसायनाचे मास्तर. त्यांनी तो खार नखाने खरवडून काचेवर घेतला आणि साध्या पाण्याने धुतला. मीठ आणि सोडा विरघळून गेले. खाली पांढरं राहिलं, ते काही विरघळेना. त्यावर त्यांनी आम्लाचा थेंब सोडला, तर बारीक फेस फसफसला.

"हाई मीठ नही, शांतीलाल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. "हाऊ चुना शे."

सर उठून उभे राहिले. घागर पाझरत होती, पाणी उडून जात होतं, आणि सोड्याच्या संगतीने पाण्यातला चुन्याचा अंश खडूसारखा होऊन मातीच्या भिंतीतच बसत होता. आत उरलं होतं ते नुसतं खारं, गार पाणी. कात होता, सुपारी होती. सरांनी कपाटातून कॅल्शियमची बाटली काढली. थेंब वाहरूने टाकावा असं त्यांनी खुणावलं, आणि मग लगेच, नको, म्हणून स्वतःच टाकला. जरा वेळ जाऊ दिला. मग अॅसिटिलकोलीन.

सुई थांबलेलीच होती. मग ती एवढीशी हलली. मग वर निघाली, कुणाची वाट न बघता, सावकाश, माझ्या गालावरून पार वरच्या कडेपर्यंत. एवढी उंच टेकडी हिवाळ्यातही उमटली नव्हती. वाहरू ओरडला. चुनीलालभाईंनी पान थुंकायचं सोडून गिळलं. सर हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. पट्टी पुढे किती तरी वेळ आपल्या लयीत आवळत राहिली आणि मी फिरत राहिलो.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग सरांच्या लक्षात आलं की आता आईला सांगायचं आहे, आणि हे सांगणं आधीच्या सांगण्याहून अवघड आहे. आधी फक्त रेघ बंद होती. आता ती कशाने बंद झाली तेही कळलं होतं.

"घागर फुटनी म्हन," चुनीलालभाईंनी सुचवलं. "मायना जीवले कसाले घोर?"

या वेळी सरांनी त्यांना जा म्हटलं नाही.

पण तापीबाई लेकाची वाट बघत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. शनिवारामागून शनिवार मुलगा आला नाही, तेव्हा त्या केळीचा घड घेऊन सकाळच्या मोटारीने स्वतःच नंदुरबारला उतरल्या. प्रयोगशाळेत शिरताच त्यांना खिडकी रिकामी दिसली. घागर खाली कोपऱ्यात पालथी होती.

"घागरले काय व्हयनं? फुटनी का?"

दारातून चुनीलालभाई जोरजोराने मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं.

"नही, माय. फुटनी नही. तिनी पानीमातला चुना धरी लिधा. चुनाबिगर पोट आवळस नही. उन्हायाभर जितला बेडूक मी मारात, तितला बठ्ठा फुकट मरनात."

तापीबाई स्टुलावर बसल्या. केळीचा घड त्यांच्या मांडीवरच राहिला.

"म्हंजे मन्ही घागरनी त्यास्ना घात कया."

"पानी मी ठेवं व्हतं, माय. तू नही."

"दिधी त मीच व्हती ना."

वाहरूने उगाच माझ्यावरची धूळ पुसली, जी नव्हतीच. मग तापीबाईंनी विचारलं, "त्या रेघा कोठे शेत?"

"कोनत्या?"

"ज्या उन्यात नही त्या."

सरांनी खण उघडला. मास्तरी शिस्तीने त्यांनी सपाट कागदही रोगण देऊन ठेवले होते. तापीबाईंनी एकेक कागद घेतला आणि खरबरीत बोट त्या आडव्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. मग सरांनी त्यांना शेवटचा कागद दाखवला, टेकडीचा.

"हाई सपाट काबर शे?"

"चुना नही व्हता, म्हनीसन."

"आनि हाई वर गई ती?"

"चुना दिधा, म्हनीसन."

"मंग ह्या सपाट उन्यात नहीत, तं घागर चुना धरस, हाई तुले कोन सांगतं?" तापीबाई म्हणाल्या. "ह्यास्नीच सांगं ना? तू ह्या फेकी देता, नही तं आपला हातथीन खोटी रेघ वढता, तं मंग त्या फुकट मरतात. आते फुकट नही मरनात."

सरांची मान खाली गेली. मला ठाऊक होतं ते का, आणि त्यांना. दुसऱ्या कुणाला ते कधी कळलं नसतं.

"माय, मी एकदाव बोट लायं व्हतं," ते म्हणाले.

तापीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "मंग?"

"पुशी टाकं."

"बरं कयं," त्या म्हणाल्या आणि घडातलं केळ सोलायला घेतलं. दारातले चुनीलालभाई तोंड फिरवून बाहेर बघत होते. त्यांना केळ दिलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

जाताना तापीबाईंनी घागर स्वतः धुतली आणि साध्या पाण्याने भरून कॉलेजच्या दाराशी ठेवायला लावली. "पोरंस्ले पेवाले," त्या म्हणाल्या. "मानूसना पोटले चुनाना तोटा नही. देखा ह्या मास्तरनं तोंड." चुनीलालभाईंनी रुमालाने ओठ पुसले. ती घागर किती तरी दिवस दाराशी होती आणि वाटेने जाणारा कुणीही तिच्यातून पाणी पिई.

पुण्याचे साहेब पावसाळ्याच्या तोंडाला आले. सरांनी त्यांच्यासमोर आधी सपाट रेघा मांडल्या आणि मग टेकडी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. प्रबंधात त्या सपाट रेघा सरांनी पहिल्या प्रकरणात घातल्या. बेडकाचं पाणी तेव्हापासून काचेच्या बाटलीत, बाटलीला ओलं फडकं गुंडाळून राहू लागलं. तापीबाई मात्र दर आखाजीला बेडकांची घागर घरी भरत राहिल्या आणि गल्ली हसायची थांबली.

यानंतर माझं सांगण्यासारखं फार नाही. अडुसष्ट साली कॉलेजात विजेवर चालणारं यंत्र आलं. त्याला काजळी नको, रोगण नको, ते शाईने लिहितं. वाहरूने मला कपाटावर ठेवलं. किल्ली कुठेशी हरवली. माझं पितळ हिरवट पडलं आहे आणि गेल्या पावसात एका पालीने माझ्यात घर केलं. तिची माझी तक्रार नाही. कधी तरी शांतीलाल सर येतात, माझ्या बुडाचा पोचा चाचपतात आणि जातात.

मित्रांनो, मला खाली उतरवा, तेलपाणी करा, असं म्हणायचा मोह मलाही होतो. केलंत तर आनंदच आहे. पण त्याहून एक मागणं मोठं आहे. उद्या तुम्ही कुठल्याही प्रयोगशाळेत उभे राहाल, समोर शाईचं यंत्र असेल नाही तर आणखी काही, आणि हवी ती रेघ उमटणार नाही. शेजारी कुणी तरी सोपा उपाय सांगेलच. तेव्हा त्या सपाट रेघेकडे नीट बघा. तीही कुणी तरी जीव देऊन ओढलेली असते. तिला बोट लावू नका.